गावंडेताई मौक्यावर आहेत

विमा कंपनीचा वकील अमरावतीत कोणाच्याही लग्नाला गेला, तरी पंगतीत कोणीतरी आपला नामंजूर झालेला क्लेम घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसतोच. मी तसा वकील आहे. अमरावती आणि अकोला या दोन्ही ग्राहक आयोगांपुढे कंपन्यांच्या बाजूने उभं राहायचं आणि क्लेम का देता येत नाही ते सांगायचं, यावर माझं घर चालतं. त्यामुळे समोरच्या पक्षाच्या वकिलाची तारीफ माझ्या तोंडी शोभत नाही, हे मला कळतं. पण सुमनताई गावंडे यांच्यासमोर मी इतकी वर्षं उभा राहिलो, आणि इतक्या वेळा हरलो, की आता त्यांच्याबद्दल लिहिण्याचा थोडाफार हक्क मला मिळाला असावा.

ताई उंचीने बेताच्या, साठी ओलांडलेल्या. सुती साडी, तिच्यावर काळा कोट आणि खांद्याला जाडसर कापडाची मोठी पिशवी. त्या पिशवीत कायद्याची पुस्तकं कमी आणि इतर सामान जास्त असे. टॉर्च, मोजपट्टी, पाण्याची बाटली, भाकरीचा डबा आणि एक जुनी जोडी स्लीपर. चिखलात उतरायची वेळ आली की कोर्टाच्या चपला पिशवीत जायच्या आणि स्लीपर बाहेर यायच्या. वकिलाला चिखलात उतरायची वेळ का यावी, असं एखाद्याला वाटेल. ताईंना ती दर आठवड्याला यायची, कारण त्यांचा एक नियम होता. जागा पाहिल्याशिवाय वकीलपत्रावर सही नाही. गाडी ठोकली गेली असेल तर ते वळण पाहायचं, दुकान जळलं असेल तर त्या राखेत उभं राहायचं. बार रूममध्ये कोणी विचारलं, "गावंडेताई कुठे आहेत?" तर उत्तर ठरलेलं असे, "मौक्यावर." म्हणजे जिथे घडलं त्या जागेवर.

पक्षकाराला पॉलिसी समजावून सांगण्याची त्यांची रीतही उफराटी होती. आमच्याकडे वकील आधी काय काय मिळू शकतं ते सांगतो. माणूस खूश होऊन घरी जातो. ताई पॉलिसीचे कागद मागच्या बाजूने उघडायच्या, जिथे कंपनीने बारीक अक्षरात काय काय देणार नाही ते छापलेलं असतं. "पहिले नाई मिळत ते आयक," असं म्हणून त्या एकेक कलम वऱ्हाडीत सांगायच्या. कंपनीचा एखादा अधिकारी ते ऐकत बसला असता तर त्याला आपलीच पॉलिसी प्रथम समजली असती. अर्धे पक्षकार तिथेच गळायचे. जे उरायचे त्यांच्याशी लढताना माझा घाम निघायचा.

नांदगाव खंडेश्वरच्या एका कापडवाल्याने त्यांची गोष्ट मला कोर्टाच्या कँटीनमध्ये शिव्या घालत सांगितली होती. त्याच्या दुकानात चोरी झाली होती, चोर मागच्या खिडकीतून शिरला होता, माल गेला होता. ताई दुकान पाहायला गेल्या. खिडकीपाशी उभ्या राहिल्या, टॉर्च मारला आणि पाहतच राहिल्या. खिडकीच्या चौकटीत या टोकापासून त्या टोकापर्यंत कोळ्याचं जुनं, धुळीने भरलेलं जाळं होतं.

"चोर कोळ्याले विचारून आत आला होता काय रे?" ताईंनी विचारलं.

कापडवाला म्हणाला, "ताई, तुमी माह्या वकील आहा का कंपनीच्या?"

"वकील तुहीच होणार होती. आता नाई होत." एवढं बोलून ताई एस.टी. पकडून परत आल्या. त्यांनी स्वतः ही गोष्ट कोणाला सांगितली नाही, मलाही नाही. कापडवाल्याने दुसरा वकील धरला आणि माझ्यासमोर केस हरला. त्याची सगळी चीड मात्र ताईंवर होती. "बाईनं माह्यावर जरासाही विश्वास ठेवला नाई," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी चहा पीत राहिलो. हसू दाबायला चहाचा कप फार उपयोगी पडतो.

मग आमच्या धंद्यात नवीन वारं आलं. तक्रारी ऑनलाइन दाखल करायच्या, कागद स्कॅन करायचे, सुनावणी मोबाईलवर. आमच्या वयाचे वकील हबकले. कोणी नातवाला हाताशी धरलं, कोणी वकिलीच सोडायची भाषा करू लागले. ताईंनी मात्र एक फोन घेतला, त्याला उभं करायची तिपाई घेतली आणि ती तिपाईही पिशवीत टाकली. आम्हाला वाटलं, आता तरी बाई घरी बसतील. झालं उलटंच. आता त्यांना मौक्यावरूनच सुनावणीला हजर राहता येऊ लागलं.

रिद्धपूरच्या एका घराचा क्लेम होता. पावसात भिंत कोसळली, छप्पर खाली आलं. कंपनीचं, म्हणजे माझं, म्हणणं होतं की घर आधीपासून मोडकळीला आलेलं होतं. सुनावणी पडद्यावर सुरू झाली. मी माझ्या ऑफिसात पुस्तकांच्या कपाटासमोर ऐटीत बसलो होतो. आयोगाचे अध्यक्ष आपल्या दालनात होते. तिसऱ्या चौकोनात कोट घातलेल्या गावंडेताई उभ्या होत्या आणि त्यांच्या डोक्यामागे चक्क आभाळ होतं. एक बकरी डावीकडून उजवीकडे गेली.

अध्यक्ष शिस्तीचे होते. म्हणाले, "मॅडम, हे न्यायासन आहे. कृपया एखाद्या खोलीत बसा."

"खोलीच पडली, साहेब," ताई म्हणाल्या. "त्याचाच तर क्लेम आहे."

अध्यक्षांनी तोंडावर रुमाल धरला. ताईंनी फोन हातात घेऊन उभ्या राहिलेल्या तिन्ही भिंती दाखवल्या. सरळ, ओळंब्यात, एकही जुनी भेग नाही. चौथी तेवढी खाली पडली होती, आणि तिच्या पायाशी शेजारच्या नाल्याने पोखरलेला खड्डा होता. माझ्या फायलीतला सर्व्हेअरचा फोटो घराच्या पुढच्या बाजूने काढलेला होता. मागे नाला आहे हे मलाच त्या दिवशी कळलं.

पण ज्या केसने मला ताई खऱ्या अर्थाने दिसल्या, ती अकोटची.

अकोटला रमेशभाऊंचं जिनिंग होतं. म्हणजे शेतकऱ्यांचा कापूस येणार, मशीनवर त्याची सरकी वेगळी आणि रुई वेगळी होणार. मोठा कारखाना नव्हे, पण त्या वस्तीतल्या बायांचा वर्षाचा निम्मा चूल-भाकरीचा आधार तोच. एका दुपारी रुईच्या ढिगाला आग लागली आणि तिची झळ मशीनलाही बसली. कापसातून एखादा खडा मशीनमध्ये गेला की ठिणगी उडते आणि रुईबरोबर वाहत ढिगावर जाऊन बसते. जिनिंगवाल्यांना ही भीती रोजची असते. रुईची आग वरवर विझली तरी आत धुमसत राहते. म्हणून कामावरच्या बायांनी जे अशा वेळी नेहमी करतात ते केलं. वरचा जळता थर बाजूला होताच ढिगाच्या पोटात हात घालून त्यांनी न जळलेली रुई ओढून काढली आणि अंगणात दूर नेऊन टाकली. धुराचा वास बसलेली रुई कोणी विकत घेत नाही. रमेशभाऊंनी रिवाजाप्रमाणे सांगून टाकलं, "घेऊन जा बायांनो, गाद्या भरा." बाया ओच्यात, पोत्यात भरून घेऊन गेल्या.

माणूस भला होता. पण विमा उतरवलेल्या माणसाला असं भलेपण परवडत नाही. कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत जळकी जागा जशीच्या तशी ठेवायची, ही पॉलिसीतली अट आहे. सर्व्हेअर काही दिवसांनी आला, तेव्हा तिथे उरली होती राख आणि पाणी मारून काळा झालेला चिखल. त्याने लिहिलं की रुई अवकाळी पावसात भिजलेल्या कापसाची होती, ढीग आतून आपोआप तापला आणि पेटला. आपोआप तापून लागलेली आग पॉलिसीत बसत नाही. शिवाय पुरावा मालकाने स्वतःच वाटून टाकला. क्लेम नामंजूर. पुढचा हंगाम तोंडावर होता. मशीन दुरुस्त झालं नाही तर जिनिंगचं फाटक कायमचं बंद होणार, हे अख्ख्या अकोटला दिसत होतं.

आणि कंपनीच्या बाजूने मी होतो.

खरं सांगायचं तर ही केस मला सोपी वाटली होती. माल नाही, तर माल कोरडा होता हे बाई सिद्ध करणार कशावरून? त्यात कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसने नवीनच पद्धत सुरू केली होती. लेखी युक्तिवाद तिकडेच संगणकाकडून तयार करून घेत आणि एक प्रत मला, एक समोरच्या वकिलाला मेलवर पाठवून देत. मी सही करून दाखल करायचं. युक्तिवाद आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अकोल्याच्या बार रूममध्ये पोचलो, तर ताई डबा उघडून बसलेल्या.

"या इंगळेभाऊ, भाकर खा," त्या म्हणाल्या. मी अर्धी भाकरी घेतली. मग त्यांनी फोन पुढे केला. "हा निकाल तुमी वाचला काय?"

युक्तिवादात वरच्या न्यायालयाच्या एका निकालाचा आधार दिलेला होता. नेमका आमच्यासारखाच. रुई, आग, आपोआप तापणे, सगळं काही. मी म्हणालो, "मी तर अजून मेलच उघडला नाही."

"मी कालपासून हुडकून राह्यली. असा निकालच नाई. पक्षकार नाई, तारीख नाई, काईच नाई. तुमच्या मशीननं मनानंच लिहून टाकला."

मी तिथेच बसून शोधलं. खरंच नव्हता. माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली. तासाभराने मी तो कागद दाखल केला असता, ताई उभ्या राहून दोन वाक्यं बोलल्या असत्या, आणि केस तर गेलीच असती, शिवाय माझ्या सनदेची लक्तरं अकोल्यात टांगली गेली असती.

"ताई, तुम्ही हे आत सांगायचं होतं. तुमचा फायदा होता," मी म्हणालो.

त्यांनी लोणच्याची फोड माझ्याकडे सरकवली. "मले मशीनच्या चुकीवर नाई जिंकाचं, भाऊ. रमेशभाऊची रुई कोरडी होती, म्हणून जिंकाचं. ते पान काढा आन् बाकीचं दाखल करा."

मी वकिली सुरू केल्यापासून मोठमोठे वकील पाहिले. नागपूरला जाऊन पाहिले, मुंबईला जाऊन पाहिले. समोरच्या माणसाचा गळा हातात आलेला असताना त्याला लोणचं वाढणारा वकील मी एकच पाहिला. त्या दिवशी मला त्यांची अक्षरशः भीती वाटली, आणि तितकाच आदर.

पुढच्या तारखेला ताईंनी अर्ज दिला की ही सुनावणी पडद्यावर नको, प्रत्यक्ष घ्यावी, कारण पुरावा पडद्यावर दाखवता येण्यासारखा नाही. अकोल्याच्या अध्यक्षांनी मान्य केलं. मी गेलो, तर दारात एक बाई अख्खी गुंडाळलेली गादी डोक्यावर घेऊन उभी. जिनिंगमध्ये काम करणारी कांताबाई. शिपाई तिला आत सोडायला तयार नव्हता आणि ती गादी खाली ठेवायला तयार नव्हती.

ती गादी ताईंना कशी सापडली ते कांताबाईनेच मला नंतर सांगितलं. कंपनीचा चौकशीवाला वस्तीत फिरून गेला होता, तेव्हापासून बाया घाबरलेल्या. चोरीचा आळ येईल म्हणून सगळ्यांनी गाद्या दडवलेल्या. ताई वस्तीत गेल्या, घरोघरी चहा प्यायल्या. "आमी नाई बा नेली रुई," हे एकच उत्तर. शेवटी कांताबाईच्या घरी ताई म्हणाल्या, "बाई, पाठ लय दुखून राह्यली. जराशी टेकू काय?" आता पाहुणी, त्यातही वकीलबाई, ती काय नुसत्या सतरंजीवर निजणार? कांताबाईने विचार न करता पेट्यांमागून नवी कोरी गादी ओढली आणि अंथरली. लेकीच्या लग्नात द्यायला भरलेली. ताई आडव्या झाल्या, गादीला नाक लावलं आणि डोळे मिटून पडून राहिल्या. चांगल्या तासभर झोपल्या म्हणे. त्यांची पाठ खरंच दुखत होती की नाही, ते मी आजवर विचारलेलं नाही. उठल्यावर एवढंच म्हणाल्या, "कांताबाई, हे गादी कोर्टात येईन काय?"

"अन् मले चोर म्हटलं तं?"

"तं पहिले मले म्हणतीन. मी झोपली ना तिच्यावर."

आयोगापुढे गादी टेबलावर ठेवली गेली. मी अर्थातच हरकत घेतली. ही रुई त्याच ढिगाची कशावरून? सोईची गादी कोणीही भरून आणेल.

"बराबर आहे," ताई म्हणाल्या. "कुठी उसवाची ते वकीलसाहेबांनीच सांगावं."

आता आली का पंचाईत. मी उठून गादीभोवती फिरलो आणि काठ सोडून नेमक्या मध्यावर बोट ठेवलं. ताईंनी कांताबाईकडे पाहिलं. कांताबाईने होकाराची मान हलवली, पण तोंड फिरवून घेतलं. ताईंनी कात्रीने टाके कापले आणि अध्यक्षांना म्हणाल्या, "साहेब, हात घाला."

अध्यक्षांनी मूठभर रुई बाहेर काढली. पांढरी शुभ्र, मोकळी, कोरडी. तिच्यात मधेमधे जळक्या टोकांचे काळे पुंजके, आणि अख्ख्या दालनात धुराचा वास. ताईंनी युक्तिवाद असा केलाच नाही. त्या इतकंच म्हणाल्या, "बायांनी ढिगाच्या पोटातून ओढली हे. ढीग आतून तापला असता तं पहिले पोट सडलं असतं. पिवळं पडलं असतं, गोळे झाले असते, आंबूस वास सुटला असता. इथं बसलेल्या कोनालेही विचारा."

विचारायची गरज नव्हती. त्या दालनात कापूस न ओळखणारा माणूसच नव्हता. अध्यक्ष यवतमाळकडचे, सदस्यबाई इथल्याच, टंकलेखक, दारातला शिपाई, सगळ्यांची बालपणं कापसाच्या गंजीवर लोळण्यात गेलेली. माझंही. मूठ माझ्याकडे आली. मी वास घेतला आणि मला जे कळायचं ते कळलं. मी कायद्याचे मुद्दे मांडले, जितके मांडता येतील तितके सगळे मांडले. अट मोडली हे तर खरंच होतं. त्यावर ताई म्हणाल्या, "अट पुरावा जपाले आहे, साहेब. पुरावा बायांनी जपला. गादीत भरून जपला."

अध्यक्षांनी नमुन्याची एक पिशवी सीलबंद करून ठेवून घेतली, गादी परत दिली आणि सांगितलं, जेवणानंतर आदेश.

मी जेवून आलो तर व्हरांड्यात रमेशभाऊ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चकरा मारत होते. आणि कोपऱ्यात, फरशीवर, कोटासकट मांडी घालून गावंडेताई गादी शिवत बसल्या होत्या. जाड सुई आणि दोरा त्यांनी घरूनच पिशवीत घालून आणला होता. म्हणजे या बाईने गादी फाडायची ठरवली तेव्हाच ती शिवायचीही ठरवली होती. कांताबाई म्हणत होती, "राहू द्या ताई, मी घरी शिवीन."

"उसवली मी, मीच शिवतो. नवरीची गादी फाटकी घेऊन एस.टी.त बसतं काय?"

तेवढ्यात पुकारा झाला. मी म्हणालो, "ताई, चला, आदेश आहे."

"तुमी व्हा पुढे. रमेशभाऊ, जा तुमी भी. माहे चार टाके राहून राह्यले."

मी आत गेलो. अध्यक्षांनी आदेश वाचला. तक्रार मंजूर. मालकाने निष्काळजीपणा नव्हे, तर बचाव केला. आग बाहेरून लागली. रमेशभाऊ बाकावर बसले ते उठेचनात, नुसते दोन्ही तळव्यांनी गुडघे चोळत राहिले. बाहेर जाऊन सांगायला मग मीच निघालो. हरलेल्या वकिलाने विजयाची बातमी घेऊन धावत जाण्याचा प्रसंग आमच्या धंद्यात विरळाच, पण मी खरोखर धावत गेलो.

"ताई..."

त्यांनी हात वर केला. "थांबा. गाठ मारू द्या."

गाठ मारली, दोरा दाताने तोडला, शिवणीवरून तळवा फिरवला आणि कांताबाईला म्हणाल्या, "बस बरं, बसून पाह्य." कांताबाई अवघडून गादीच्या कडेवर बसली. मग ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "हं. काय म्हणे साहेब?"

मी सांगितलं.

त्यांनी सुई पिशवीत ठेवली. मग कांताबाईच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "कांते, जिनिंग सुरू होऊन राह्यलं. कामावर जा लागते तुले."

कांताबाईने तोंडाला पदर लावला आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

"अवं, हळू," ताई म्हणाल्या. "गादी ओली करशीन."